पावणेतीन फूट

सुताराला एक वाईट खोड असते, कुठंही गेला तरी तो मापं घेत बसतो. लग्नाला गेलो तरी माझं लक्ष नवरा-नवरीपेक्षा स्टेजच्या पायऱ्यांकडे, आणि त्यातली एखादी पायरी अर्धा इंच उंच निघाली की मला जिलबी गोड लागत नाही. धायरीत माझं छोटंसं वर्कशॉप आहे, फर्निचरची कामं घेतो, किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब, देवघरं, गेली एकोणीस वर्षं हेच. त्यामुळे आमच्या कुत्रीबद्दल लिहायचं म्हटलं तरी मी मापापासूनच सुरू करणार, त्याला इलाज नाही.

जुलै २०२२. एक काम आलं ते शहराबाहेरच्या एका प्राण्यांच्या शेल्टरचं. हायवे सोडून आत, मग कच्चा रस्ता, मग चिखल. नाव सांगत नाही, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की तिथली माणसं वाईट होती, आणि तसं अजिबात नव्हतं. औषधांचं कपाट करायचं, ऑफिसचं फुगलेलं दार रंधून बसवायचं आणि दोन खिडक्या, एवढंच काम. चार दिवसांचं होतं, पावसानं अकरा दिवस खाल्ले.

पहिल्या दिवशी आत शिरलो आणि पहिलं काय जाणवलं तर वास नाही, आवाज. वासाची तयारी करून गेलो होतो मी, रुमाल वगैरे घेऊन. पण एकशेचाळीस कुत्री पत्र्याच्या शेडखाली एकाच वेळी भुंकतात, खाली कोबा, वर पत्रा, आवाज जाणार कुठं, तो तिथंच आपटत राहतो. माझं कटर मशीन चालतं तेव्हा मी कानात बोळे घालतो, पोरांनाही घालायला लावतो, नाहीतर चाळिशीत बहिरे व्हाल म्हणून ओरडतो. इथं कटरच्याच पंगतीतला आवाज होता आणि तो बंद करायला बटण नव्हतं. नंतर मुलीनं शोधून सांगितलं की अशा शेडमधला आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो हे परदेशात लोकांनी मोजूनच ठेवलंय. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा किती तिखट असतात ते तर सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणजे बघा.

आणि या सगळ्या गदारोळात एक कुत्री अशी होती जी भुंकत नव्हती.

डावीकडून सातवा पिंजरा. तांबूस रंग, तोंड काळं, कानाला नसबंदीची खूण म्हणून घेतलेला तो कट, वय असेल चार-पाच. ती गोल फिरत होती. उजवीकडून, एकाच चालीनं, घाण्याला जुंपलेल्या बैलासारखी. मी आलो तेव्हा फिरत होती, चहाला गेलो तेव्हा फिरत होती, संध्याकाळी सामान आवरलं तेव्हाही फिरतच होती. मधेच थांबायची, एक क्षण भिंतीकडे बघायची आणि परत सुरू. कोब्यावर तिच्या पायांनी चक्क एक गोल गुळगुळीत झाला होता, उंबऱ्याचा मधला भाग झिजतो ना, तसा.

तिथं कामाला दोन पोरं होती, एक जालन्याकडचा, एक नेपाळी. जालन्याचा म्हणाला, "मिस्त्री, ती तशीच आहे. चावत नाय, काय नाय. फिरती नुसती." किती दिवस झाले म्हटलं, तर म्हणे मी यायच्या आधीपासून आहे. तू कधी आलास? दीड वर्ष झालं.

सवयीनं टेप काढला. पिंजरा चार फूट बाय तीन फूट. तिचा गोल पावणेतीन फूट.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पोचलो तर साफसफाई चालू होती. पाइप लावून पाण्याचा फवारा मारत मारत पोरं एकेका पिंजऱ्यापुढून जात होती, कुत्रं आतच. फवारा आला की कुत्री मागच्या भिंतीला चिकटायची, तिथंही पाणी यायचं, मग पाय वर उचलून उभी राहायची, एकेक पाय आळीपाळीनं. आणि फवारा पुढं गेला की मग तशीच ओल्या कोब्यावर, ओल्या अंगानं, जुलै महिन्यात. मला राग आला, अगदी खरं सांगतो, वाटलं त्या पोराच्या हातातून पाइप हिसकावून घ्यावा. पण मग मी नीट बघितलं. पिंजऱ्याला एकच दार होतं. कुत्रं बाहेर काढायचं तर ठेवायचं कुठं? बाहेर मोकळी जागा होती ती भांडणाऱ्या कुत्र्यांची पाळी लावून वापरत होते. एकशेचाळीस जनावरं आणि दोन पोरं. ते पोरगं स्वतःही गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं, त्याच्या पायाला चिखल्या झालेल्या मी बघितल्या.

याचाही हिशोब आहे बरं का. अमेरिकेतल्या शेल्टरवाल्यांचा एक ठोकताळा आहे की एका जनावराला दिवसाला निदान पंधरा मिनिटं माणसाचा हात लागला पाहिजे, नऊ मिनिटं साफसफाईला आणि सहा खाण्यापिण्याला. फिरवणं, गोंजारणं, औषधपाणी त्यात नाही. एकशेचाळीस गुणिले पंधरा म्हणजे पस्तीस तास. दोन पोरं आठ-आठ तास राबली तरी सोळा. एका कुत्र्याच्या वाट्याला सात मिनिटंसुद्धा येत नाहीत. आता त्या सात मिनिटांत तुम्ही तुकाराम महाराजांना जरी कामाला ठेवलं तरी ते पाइपच मारणार.

दुपारी कपाटाचं कटिंग झालं, एक तुकडा उरला, अडीच बाय दोनचा. त्याला खाली चार ठोकळे मारले, दोन-दोन इंचाचे, झाला पाट. जालन्याच्या पोराला म्हटलं, टाक त्या सातव्यात. त्यानं टाकला. ती थांबली, वास घेतला, आणि पाटाला वळसा घालून फिरायला लागली, म्हणजे जागा अजूनच कमी झाली, मला वाटलं मी बिचारीचं नुकसानच केलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी डबा खात बसलो होतो तर पोरगं पळत आलं, "मिस्त्री, चला चला, बसलीय." गेलो. पाटावर बसली होती. अंग चोरून, चारी पाय पोटाशी, पण बसली होती. पोरगं म्हणालं, पहिल्यांदा बसलेली बघतोय. मला वाटतं तो थोडा लाजला होता, म्हणजे दीड वर्षात आपल्याला हे का सुचलं नाही असं काहीतरी. अरे, पण त्याला कोण प्लायचा तुकडा देणार होतं?

अकराव्या दिवशी मी बिल दिलं, त्यांनी चेक दिला, आणि मी ती कुत्री मागितली. बायकोला फोन केला नव्हता. हे मी धाडस म्हणून सांगत नाही, मूर्खपणा म्हणून सांगतोय.

त्यांनी फॉर्म भरून घेतला, आधार कार्डचा फोटो काढला, मी पाचशे एक रुपये देणगी दिली, त्याची पावती मिळाली. तपशीलाच्या रकान्यात क्लार्कबाईंनी लिहिलं होतं, "कुत्री – १". घरी पोचलो. दारात आई. माझी आई सासवडकडची, खंडोबा कुलदैवत, नजर अशी की भाकरीसुद्धा करपायची थांबते.

"ह्ये काय?"

"कुत्री आहे आई. शेल्टरमधनं आणली."

"पैसं दिलं?"

"देणगी दिली."

"पावती घेतलीस का?"

मी खिशातनं काढून दाखवली. आईनं ती उलटी करून बघितली. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही असं कुठं लिवल्यालं न्हाय. उद्या दिऊन ये." आणि आत गेली. आमच्या मुलीनं त्याच रात्री तिचं नाव पावती ठेवून टाकलं. आईला आठवडाभर राग होता, मग एकदा शेजारणीला सांगताना ऐकलं, "आमच्या खंडोबाला नवस न्हाई, काय न्हाई, तरी पावली." झालं, नावाला देवाचा शिक्का बसला.

आईच्या लहानपणी जेजुरीला वाघ्ये बघितलेत तिनं, म्हणजे खंडोबाचे वाघ्ये, स्वतःला देवाची कुत्री म्हणवणारे, कोटंब्यात, म्हणजे भिक्षेच्या पात्रात, वाढलेलं खाली ठेवून कुत्र्यासारखं तोंडानं खाणारे, भुंकणारे. ती ते सांगते तेव्हा त्यात कमीपणा नसतो अजिबात, उलट मानाची गोष्ट असते. आणि तीच आई कुत्रं उंबऱ्याच्या आत नको म्हणते. आपल्याकडं हे असंच आहे. दत्ताच्या फोटोत चार कुत्री, नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले ही गोष्ट पोरांना सांगायची, आणि पार्किंगमध्ये कुत्रं दिसलं की वॉचमनला शिव्या.

तर पावती घरी आली. आमचा हॉल बारा बाय सोळा. पहिल्या रात्री ती हॉलच्या बरोब्बर मध्ये उभी राहिली आणि गोल फिरायला लागली. बाहेर पाऊस होता, तिचे पाय ओले, शहाबादी फरशीवर पायांचे ठसे उमटत होते आणि वाळायच्या आत परत उमटत होते. मी टेप काढला. बायको म्हणाली, अहो, रात्रीचे बारा वाजलेत. मी मोजलं. पावणेतीन फूट. सूत इकडे नाही की सूत तिकडे नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पिंजरा तर मागं राहिला, पंचवीस किलोमीटरवर. मग हिला अडवतंय काय? भिंत नाही, जाळी नाही. पिंजऱ्याचं माप तिनं अंगात घेऊन आणलं होतं. आम्ही लाकडात खाच पाडतो, मग ते लाकूड दुसरीकडं लावलं तरी खाच राहतेच, बुजवली तरी पॉलिश केल्यावर दिसते.

मुलीनं खडूनं फरशीवर गोल काढायला सुरुवात केली आणि कॅलेंडरवर माप लिहायला. गणपतीत तीन फूट. दिवाळीत फटाके सुरू झाले आणि एकदम अडीचवर, तेव्हा आमची पोरगी रडली होती. संक्रांतीला सव्वातीन. होळीला चार, पण गोल नाही, जरा लांबट. मग एप्रिलमध्ये एक दिवस सकाळी धारेश्वराच्या टेकडीवर नेलं होतं, माझ्या हातातनं पट्टा सुटला आणि ती पळाली. सरळ. नुसती सरळ रेषेत पळत गेली, शंभर-दीडशे फूट, मग थांबली, मागं वळून बघितलं आणि तिला कळेना आता काय करायचं, कारण सरळ गेलं की परत यावं लागतं हे तिला माहीतच नव्हतं. मला जाऊन आणावी लागली.

मधल्या काळात आमचा एक उद्योग सुरू झाला होता. त्याला मोहीम म्हणायला मला लाज वाटते, पण मुलीनं पोस्टर केलं त्यावर मोहीमच लिहिलं, "एक पाट पावतीच्या सोबत्यांना". कल्पना साधी, सुतारांच्या ग्रुपवर टाकलं की प्लायचे उरलेले तुकडे फेकू नका, मला द्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटपासून नऱ्हे-आंबेगावपर्यंत तुकडे जमायला लागले. रविवारी आम्ही चौघं-पाच जण बसून पाट करायचो. दोन महिन्यांत साठ पाट केले, टेम्पोत घालून नेले, फोटो काढले, लोकांनी हार्ट टाकले, आणि मी छाती पुढं काढून फिरायला लागलो.

मग तिथल्या डॉक्टरबाईंचा फोन आला. मला वाटलं आभार मानायला. त्या म्हणाल्या, तुम्ही रागावू नका पण तुमचे पाट मला जाळावे लागतायत. पार्व्हो आला होता. पार्व्हो म्हणजे पिल्लांना हगवण लागून दोन-तीन दिवसांत संपवणारा रोग, आणि त्याचा विषाणू बाहेर महिनोन्‌महिने टिकतो. कोब्यावर ब्लीच मारून तो मारता येतो, पण लाकूड पाणी पितं, मूत पितं, त्याच्या आत ब्लीच पोचत नाही. माझे पाट बहुतेक आयएस ३०३ कमर्शियल प्लायचे, रोज धुतल्यावर महिन्यात फुगून पापुद्रे सुटलेले. आता गंमत बघा, किचनच्या सिंकखाली कमर्शियल वापरू नका, सातशे दहाचा मरीन प्लाय वापरा, हे मी गिऱ्हाइकांना एकोणीस वर्षं ओरडून सांगतोय. आणि कुत्र्यांना देताना मी कमर्शियल दिला. का? फुकटचा होता म्हणून. दानाच्या मालाला आपण कधी माप लावतच नाही. विटलेले कपडे पूरग्रस्तांना, शिळी पोळी गाईला.

लई लागलं मला ते. महिनाभर ग्रुपवर काही टाकलं नाही.

मग प्लंबिंगवाल्या मित्राच्या दुकानात बसलो असताना सुचलं. पीव्हीसी पाइपचे तुकडे, कोपऱ्याला एल्बो, चौकट करायची, तिला पाय, आणि वर नवारीऐवजी ताणून फ्लेक्स. पुण्यात फ्लेक्सला काय तोटा? वाढदिवस संपला की दुसऱ्या दिवशी खांबावरनं उतरवलेला फ्लेक्स भंगारात. तो डबल घडी करून ताणला की कुत्र्याचं वजन आरामात घेतो, पाणी निथळतं, ब्लीच चालतं, फाटला तर बदलता येतो. डॉक्टरबाईंनी एक नेऊन आठवडाभर वापरून बघितला, मग पास केला. आता तिथं कितीतरी कुत्री भावी नगरसेवकांच्या चेहऱ्यावर शांत झोपलेली असतात. शक्यतो चेहरा खालच्या बाजूला जाईल असं आम्ही बघतो, पण प्रत्येक वेळी जमत नाही.

डॉक्टरबाईंकडनं मी पुष्कळ शिकलो. समोरासमोर पिंजरे असले की कुत्री दिवसभर एकमेकांना बघून भुंकतात, म्हणून दाराचा खालचा अर्धा भाग झाकायचा. आम्ही पत्रे मारले, पहिल्याच संध्याकाळी आवाज इतका उतरला की मला पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला. लपायला एक कोपरा हवाच, खोकं असलं तरी चालेल. आमच्या भाषेत याला किती साधा शब्द आहे, आडोसा. शेतात काम करणाऱ्या बाईला, गाडीतल्या माणसाला, कुणालाही आडोसा लागतो हे आपल्याला कळतं. कुत्र्याला मात्र आपण चारी बाजूंनी दिसेल असं ठेवतो आणि वर म्हणतो, बघा, किती हवेशीर.

मुलीनं एकदा मला डॅनियलची गोष्ट वाचून दाखवली. अमेरिकेत अलाबामा राज्यात फ्लॉरेन्स म्हणून गाव आहे, तिथल्या कुत्र्यांच्या सरकारी कोंडवाड्यात ऑक्टोबर २०११ मध्ये नको असलेली कुत्री गॅसच्या पेटीत घालून मारली. पेटी उघडली तर बाकीची सगळी गेलेली आणि एक बीगल जिवंत, शेपूट हलवत. सिंहांच्या गुहेतनं वाचलेल्या बायबलमधल्या डॅनियलचं नाव त्याला दिलं. मग एका कुटुंबानं तो घेतला, त्याला घेऊन गावोगाव फिरले, आणि २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यानं या गॅसच्या पेट्यांवर बंदी घालणारा कायदाच केला. त्याला लोक डॅनियलचा कायदा म्हणतात.

मुलगी म्हणाली, बाबा, आपण पावतीची अशी गोष्ट लिहूया. मी म्हटलं लिही. ती वही घेऊन बसली आणि अर्ध्या तासानं म्हणाली, पण हिच्या बाबतीत काही झालंच नाही ना.

खरं आहे. डॅनियलला मारायला काढला होता आणि तो मेला नाही, ही गोष्ट कुणालाही एका वाक्यात सांगता येते, ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं, राज्यपाल कायद्यावर सही करतो. पावतीला कुणी मारलं नाही. कुणी उपाशी ठेवलं नाही, इंजेक्शनं वेळेवर दिली, नसबंदी केली, जखम भरेपर्यंत मलम लावलं. तिला फक्त ठेवलं. त्या ठेवण्याचा खलनायक कोण? पाइप मारणारं पोरगं? पैसे नसलेली संस्था? मी दोन वर्षं शोधतोय, मला तर पावणेतीन फूट हा आकडा सोडून कुणी सापडला नाही.

आपल्याकडं हा ठेवण्याचा प्रकार जुनाच म्हणायचा. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारनं मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली, शिपाई बक्षिसाच्या लोभानं पाळलेली कुत्रीही धरायला लागले, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले होते, दंगलच झाली. त्यातनं दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईत पांजरपोळ उभी केली. मारू नका, आम्ही सांभाळतो. हे मोठंच काम होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण मारू नका आणि नीट ठेवा यांच्यामध्ये जे अंतर आहे ते जवळजवळ दोनशे वर्षांत आपण फारसं कापलेलं नाही. भोसरीच्या पांजरपोळ चौकातनं मी शेकडो वेळा टेम्पो नेलाय, पांजरपोळ म्हणजे काय हा विचार पावती येईपर्यंत कधी डोक्यात आला नव्हता, ते आपलं सिग्नलचं नाव होतं.

कायद्यात मात्र आहे बरं का. १९६० चा प्राण्यांवरच्या क्रूरतेचा कायदा, कलम ११. जनावराला हालचाल करता येणार नाही अशा लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा. लांबी, रुंदी, उंची! म्हणजे कायदा करणाऱ्यांत कुणीतरी टेपवाला होता. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. माझ्याकडं पन्नास रुपयांत चांगली बिजागरीची जोडी येत नाही.

मग आला २०२५ चा ऑगस्ट. अकरा तारखेला सुप्रीम कोर्टानं दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा म्हणून आदेश दिला, बावीस तारखेला मोठ्या बेंचनं तो बदलला, नसबंदी आणि लसीकरण करून जिथली तिथं सोडा म्हणाले, पिसाळलेली किंवा अंगावर येणारी सोडून. मग ७ नोव्हेंबरला परत, शाळा, हॉस्पिटलं, बसस्टँड, रेल्वे स्टेशनं अशा ठिकाणची उचला आणि त्याच जागी परत सोडू नका. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी टाळ्यांचा पाऊस. "चला, एकदाचं पुण्यात पण करा. टाका सगळी शेल्टरमध्ये."

मी त्या लोकांना हसत नाही. माझ्याच वर्कशॉपमधल्या पोराला दोन वर्षांपूर्वी रात्रपाळीहून येताना कुत्रं चावलं, पोटरीचा लचका. चार वेळा इंजेक्शनाला घेऊन गेलो त्याला, पहिला दिवस, तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा, आणि त्या अठ्ठावीस दिवसांत त्याची आई गावाकडनं रोज फोन करायची, पाण्याला भितोय का बघा. रेबीज झाला की माणूस जातो, जवळजवळ नक्कीच. ज्याच्या घरात ही भीती येऊन गेली त्याला भूतदयेवर भाषण देऊ नये. तज्ज्ञ म्हणतात शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचली की रेबीजची साखळी तुटते, मग ते सत्तर पूर्ण करा ना राव, त्यासाठी मीही पालिकेपुढं उभा राहीन.

पण "टाका" या शब्दाशी माझं भांडण आहे. टाका म्हणजे कुठं? मी काँट्रॅक्टर माणूस, मला एस्टिमेट दिसतं. एक हजार कुत्री धरा, पुण्यात तर किती जास्त. पंधरा मिनिटांच्या हिशोबानं रोजचे अडीचशे तास, म्हणजे तीस-बत्तीस माणसं, सुट्ट्या धरल्या तर चाळीस. हजार पिंजरे, दोन-दोन कप्प्यांचे. ड्रेनेज, पाणी, दवाखाना, आजारी कुत्र्यांना वेगळी शेड. हे मी ग्रुपवर लिहिलं, आकडे टाकून, तर एका काकांनी उत्तर दिलं, "एवढं लाडाचं कशाला, नुसतं ठेवायचंय."

नुसतं ठेवायचंय. मी पावतीकडं बघितलं. ती तेव्हा ताणून झोपली होती, सहा फूट होईल अशी.

तर त्या दोन कप्प्यांबद्दल. पिंजऱ्याच्या मधल्या भिंतीत एक दार पाडायचं, वर उचलायचं, खडकवासल्याचे दरवाजे उचलतात तसं, दोरी आणि कप्पीवर. कुत्रं एका बाजूला घ्यायचं, दार खाली, दुसरी बाजू धुवायची, वाळू द्यायची, मग उलट. कुत्रं भिजत नाही, पोराला चावायची भीती नाही, आणि जनावराला झोपायची जागा वेगळी, घाण करायची वेगळी. दोन पिंजऱ्यांचा एक होणार म्हणजे कुत्री निम्मी ठेवता येणार, हे पटायला संस्थेला वर्ष लागलं, आणि त्यांचं बरोबरच होतं, उरलेली कुठं न्यायची? त्यासाठी दर शनिवारी संध्याकाळी चार ते सहा लोकांना आत येऊ द्यायचं ठरलं, आधी बंदीच होती. आमची मुलगी आणि तिच्या कॉलेजची पोरं प्रत्येक कुत्र्याची चिठ्ठी लिहितात, "भात आवडतो, स्कूटरला घाबरतो." जी बरी झालेली आणि मूळ रस्त्यावरची आहेत ती आपापल्या गल्लीत परत जातात. एकशेचाळीसची आता ब्याऐंशी आहेत. पोरं दोनाची तीन झाली. जालन्याचा अजून आहे, त्याचं लग्न ठरलंय.

गेल्या महिन्यात बावीस सरकत्या दारांचं काम पुरं होत आलं. संस्थेनं छोटा कार्यक्रम ठेवला, पाहुणे, श्रीफळ, आणि मुख्य म्हणजे पावतीला आणा, तिच्यामुळं सगळं झालं, नव्या दारापाशी तिचा फोटो घ्यायचाय. आईनं तिच्या गळ्यात भंडारा लावलेला पिवळा दोरा बांधला. मुलगी आणि बायको पुढं गेल्या रिक्षानं, मी आणि पावती टेम्पोत. मागं शेवटच्या दोन कप्प्या आणि दोरीचं बंडल.

हायवेपर्यंत ती खिडकीत तोंड घालून मजेत होती. कच्चा रस्ता लागला तशी आत आली. मग कान मागं गेले. मला काहीच ऐकू येत नव्हतं, शेल्टर अजून दीड-दोन किलोमीटर असेल, पण तिला येत असणार. ती सीटवर उभी राहिली आणि फिरायला लागली. टेम्पोची सीट ती केवढी, धड फिरताही येईना, गिअरला आपटत होती, डॅशबोर्डला आपटत होती, तरी फिरत होती, उजवीकडून, त्याच चालीनं. तीन वर्षांनंतर. मी गाडी बाजूला घेतली, तिला धरलं, ती माझ्या हातातही फिरत होती.

कप्प्या आणि बंडल मागून येणाऱ्या माझ्या पोराच्या बाइकवर चढवलं, त्याला सांगितलं तू बसव, दोरी जरा सैल ठेव. आणि गाडी वळवली.

येताना कात्रजच्या बाजूनं नेहमीचं ट्रॅफिक. पावती दमून सीटवर पडली होती, डोकं माझ्या मांडीवर. मुलीचा फोन आला, "बाबा, आहात कुठं? पाहुणे आलेत, फोटोवाला थांबलाय, नारळ फोडायचाय."

"फोडा," म्हटलं. "आम्ही नवले पुलापाशी अडकलोय."